विरघळणारी परांची

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



इमारत उभी राहत असताना तिच्याभोवती बांबूंची परांची बांधलेली असते. गवंडी तिच्यावर उभे राहून काम करतात. भिंत पक्की झाली की दोर सोडून परांची उतरवतात. वास्तुशांतीच्या दिवशी तिची आठवण कोणालाही होत नाही, आणि तशी न होणे हेच तिचे काम नीट झाल्याचे चिन्ह होय. अशीच परांची मानवी शरीराच्या आत बांधता येईल काय, आणि काम संपल्यावर दुसरी शस्त्रक्रिया न करता ती आपोआप विरघळून जाईल काय, या प्रश्नातून गेल्या अर्धशतकात एक शास्त्र आकाराला आले. त्याला ऊती अभियांत्रिकी असे म्हणतात. आजचा विषय ही विरघळणारी परांची हा आहे.

या विषयाचा एक जुना धागा पुण्याजवळ सापडतो. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती लागला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका वैद्याने त्याला नवे नाक बसवले. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिकत चित्रासह छापली आणि युरोपातील शल्यचिकित्सक चकित झाले. त्या वर्णनातील एक तपशील आजच्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. वैद्याने आधी पातळ मेणाचे नाक घडवले, ते सपाट करून कपाळावर ठेवले, त्याभोवती रेघ मारली, आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. आकार मेणाने दिला, नाक मात्र कावसजीच्या स्वतःच्या कातडीचे झाले. मेण बाजूला गेले; त्याचे काम संपले होते.

कावसजीच्या कपाळावर देण्याजोगी कातडी शिल्लक होती. अंगाचा मोठा भाग भाजलेल्या माणसाकडे ती नसते. अपघातात किंवा अर्बुद काढताना हाडाचा तुकडा गमावलेल्या रुग्णाला शरीराच्या दुसऱ्या भागातून हाड काढून देता येते, परंतु त्यालाही मर्यादा आहे; शिवाय एक जखम भरण्यासाठी दुसरी करावी लागते. दुसऱ्याचा अवयव घ्यावा तर दाते थोडे, आणि शरीर परके ते नाकारते. म्हणून शास्त्रज्ञांनी विचार असा केला की, रुग्णाच्याच पेशींना वाढायला जागा आणि आधार द्यावा, आणि उणीव त्यांनाच भरून काढू द्यावी.

पेशी या विटांसारख्या निर्जीव नाहीत. त्यांना श्वास लागतो, अन्न लागते, आणि बहुतेक पेशींना धरून राहण्यासाठी पृष्ठभाग लागतो. नुसत्या पेशी जखमेत सोडल्या तर त्या विखुरतात. घट्ट ठोकळ्यावर ठेवल्या तर वरच्या थरातील जगतात आणि आतील गुदमरतात, कारण रक्तकेशिकेपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनपेक्षा दूर असलेल्या पेशीपर्यंत पुरेसा प्राणवायू पोहोचत नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेव्हा परांची आतून पोकळ हवी, आणि तिच्या पोकळ्या एकमेकींशी जोडलेल्या हव्यात. दारे नसलेल्या खोल्यांचा वाडा कितीही मोठा असला तरी त्यात कोणाला राहता येत नाही.

परांची कशाची करावी, या प्रश्नाचे एक उत्तर रोजच्या दह्यात आहे. दह्याला आंबटपणा देणारे लॅक्टिक आम्ल आपल्या स्नायूंतही तयार होते आणि शरीर ते सहज पचवते. या आम्लाचे असंख्य रेणू साखळीसारखे जोडले की पॉलिलॅक्टिक आम्ल हे बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, तयार होते. ते प्लॅस्टिकसारखे घट्ट असते, परंतु शरीरातील पाणी त्याच्या कड्या हळूहळू तोडते. पुन्हा लॅक्टिक आम्ल उरते, आणि शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड. शस्त्रक्रियेत शरीरात ठेवण्यासाठी हे द्रव्य योग्य आहे, असे दाखवणारा एक आरंभीचा शोधनिबंध १९६६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याच्या चार लेखकांतील पहिले नाव कुलकर्णी असे आहे. मराठी घरांत रोज कानी पडणारे हे आडनाव या शास्त्राच्या पायाशी आढळावे, याचा आनंद विद्यार्थ्यांना अवश्य व्हावा. त्यानंतर काही वर्षांतच पॉलिग्लायकोलिक आम्ल या भावंडापासून केलेला, आपोआप विरघळणारा टाक्यांचा दोरा रुग्णालयांत आला. आज टाके काढण्यासाठी पुन्हा दवाखान्यात जावे न लागलेले अनेक श्रोते येथे असतील. विरघळणाऱ्या दोऱ्याशी त्यांचा परिचय झालेला आहे.

रॉबर्ट लँगर हे रसायन अभियंते आणि जोसेफ व्हॅकँटी हे बालशल्यचिकित्सक. या दोघांनी १९९३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखात या सर्व प्रयत्नांची एकत्र मांडणी केली, आणि ऊती अभियांत्रिकी हे नाव सर्वत्र रूढ झाले. त्याआधी, १९८१ साली, जॉन बर्क आणि आयोनिस यान्नास यांनी गंभीर भाजलेल्या रुग्णांवर वापरलेल्या कृत्रिम त्वचेची फलनिष्पत्ती जाहीर केली होती. प्राण्यांच्या ऊतींतील कोलॅजेन आणि शार्कच्या कूर्चेतील एक द्रव्य यांची ती सच्छिद्र चटई होती. वर सिलिकोनचा पातळ पडदा होता. रुग्णाच्या पेशी आणि रक्तवाहिन्या चटईत शिरत, आपली नवी आंतरत्वचा विणत, आणि चटई हळूहळू नाहीशी होई.

आता पोकळ्या पाडायच्या कशा? येथे स्वयंपाकघरातील अनुभव कामी येतो. घावनाला जाळी पडली की गृहिणीला समाधान वाटते. प्रयोगशाळेतही सारा खटाटोप जाळी पडण्यासाठीच असतो.

पहिली रीत मिठाची. मिठाचे कण चाळणीने चाळून एकसारख्या आकाराचे घेतात. बहुवारिक एखाद्या द्रावकात विरघळवून त्यात हे मीठ मिसळतात. मीठ त्या द्रावकात विरघळत नाही. मिश्रण साच्यात ओततात, द्रावक उडून जाऊ देतात आणि घट्ट झालेली वडी पाण्यात ठेवतात. पाणी मीठ धुऊन नेते, आणि जेथे जेथे कण होता तेथे तेथे पोकळी राहते. वजनाने नऊ भाग मीठ आणि एक भाग बहुवारिक घेतले तर तयार वडीचा चार-पंचमांशाहून अधिक भाग पोकळ असतो. मीठ कमी पडले तर कण एकमेकांना टेकत नाहीत, पाणी आतपर्यंत पोहोचत नाही आणि काही कण कायमचे कोंडले जातात. कण केवढा घ्यावा हे कोणती ऊती वाढवायची यावर ठरते; हाडासाठी १०० मायक्रॉनहून मोठ्या, बहुधा ३०० मायक्रॉनच्या आसपासच्या पोकळ्या पसंत केल्या जातात. द्रावकाचा अंशही मागे राहून चालत नाही, कारण तो पेशींना विषारी ठरतो.

दुसरी रीत वायूची. ढोकळ्यात सोड्यामुळे जो कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच वायू मोठ्या दाबाखाली बहुवारिकात मुरवतात आणि दाब एकदम कमी करतात. द्रव्य फुगते, बुडबुडे राहतात. येथे विषारी द्रावक लागत नाही हा मोठा लाभ. परंतु बुडबुडे बहुधा बंद राहतात, एकाचे दार दुसऱ्यात उघडत नाही. म्हणून या रीतीला अनेकदा मिठाची जोड देतात.

तिसरी रीत बर्फाची. द्रावण गोठवले की बर्फाचे स्फटिक वाढतात आणि बहुवारिकाला आपल्या मधल्या फटींत ढकलतात. मग निर्वातात तो बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन जातो. काही इन्स्टंट कॉफीही याच रीतीने वाळवतात. उणे २० अंशांवर सावकाश गोठवले तर स्फटिक मोठे आणि पोकळ्या मोठ्या. द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांवर झटकन गोठवले तर पोकळ्या बारीक. या तिन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे. मीठ असो, वायू असो की बर्फ असो, जागा अडवून धरणारा पाहुणा वेळेवर निघून जातो आणि आपली जागा येणाऱ्यासाठी मोकळी ठेवतो.

हे सारे परदेशातच घडते, असा समज होऊ नये म्हणून आता कोलकात्याकडे वळू. दक्षिण कोलकात्यातील जादवपूर येथे राजा सुबोधचंद्र मल्लिक मार्ग या एकाच रस्त्यावर इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, जादवपूर विद्यापीठ आणि केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्था आहेत. यांपैकी तिसरी संस्था १९५० साली सुरू झाली. त्याच वर्षी भारतीय तंत्रज्ञान संस्थांपैकी पहिल्या संस्थेचे काम कोलकात्याच्या एस्प्लनेड भागातील एका कचेरीत सुरू झाले आणि काही महिन्यांत ती खरगपूरजवळील हिजली येथे गेली. स्वातंत्र्य नुकतेच मिळालेले, फाळणीचे घाव ताजे, निर्वासितांचे लोंढे येत असलेले. अशा काळात त्या शहरात या संस्थांचा पाया घातला गेला, हे विसरता कामा नये.

काच व मृत्तिका संस्थेतील संशोधकांनी हाडातील खनिजाशी जुळणाऱ्या हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट या द्रव्याचे सच्छिद्र गोल तयार केले. ज्यांचा डोळा काढून टाकावा लागतो, अशा रुग्णांच्या खोबणीत ते बसवण्यासाठी होते. गोलाच्या छिद्रांत रुग्णाच्या रक्तवाहिन्या आणि ऊती शिरतात व तो शरीराशी एकजीव होतो. या गोलांच्या प्राथमिक मानवी चाचणीचे निष्कर्ष २००५ साली भारतीय नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मृत्तिकाद्रव्यात छिद्रे पाडण्याची एक प्रचलित रीत तर कपाटातून उचललेली वाटावी अशी आहे. भुकटीत नॅप्थॅलिनचे, म्हणजे डांबराच्या गोळीतील द्रव्याचे, कण मिसळतात. उष्णतेने ते उडून जातात आणि छिद्रे राहतात. हे गोल मात्र विरघळण्यासाठी नसतात. खोबणीतील उणीव कायमची असते, म्हणून तेथील आधारही कायमचा लागतो. कोणता आधार कायमचा आणि कोणता तात्पुरता, हे ओळखणे हाच या शास्त्रातील पहिला विवेक आहे.

विरघळणाऱ्या परांचीचे काम खरगपूरला पाहावे. तेथे सुभाषचंद्र कुंडू आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी टसर रेशमाचा अभ्यास केला. रेशीम हे निसर्गाने घडवलेले बहुवारिकच आहे, आणि टसर विदर्भाला परके नाही. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसराचे किडे पाळले जातात, आणि कोशाचे कापड तेथील घरांत जपून ठेवलेले असते. टसराच्या प्रथिनात तीन अमिनो आम्लांचा एक असा क्रम आढळतो की, पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहके त्याला नेमकी पकडतात. तुतीच्या रेशमात तो नाही. म्हणजे पेशीला धरण्यासाठी टसरात आयती खुंटी आहे. अडचण अशी की, टसराचा कोश सहजासहजी विरघळत नाही. तेव्हा या संशोधकांनी पूर्ण वाढलेल्या अळीच्या रेशीमग्रंथीतूनच प्रथिन मिळवले, ते गोठवून शुष्क केले आणि सच्छिद्र परांच्या घडवून त्यांत पेशी वाढवल्या. जंगलातील आदिवासी आणि कोष्टी यांच्या पिढ्यांनी सांभाळलेले द्रव्य प्रयोगशाळेत नव्या कामाला आले.

कोलकात्यातच या परांचीची एक उलट प्रतिमा आहे. कुमारटोलीचे मूर्तिकार दुर्गेची मूर्ती घडवताना आधी बांबू आणि लाकडाचा सांगाडा उभारतात, त्यावर पेंढा बांधतात, त्यावर गंगेची माती चढवतात. विसर्जनानंतर माती विरघळते आणि सांगाडा पाण्यावर उरतो. ऊती अभियांत्रिकीत सांगाडा विरघळतो आणि देह उरतो.

परंतु सांगाडा केव्हा विरघळावा? सारी कसोटी येथे आहे. पॉलिग्लायकोलिक आम्लाचे बळ काही आठवड्यांतच ओसरते. पॉलिलॅक्टिक आम्लाचा एक प्रकार शरीरात काही वर्षे टिकतो. दोहोंचे प्रमाण बदलून मधला काळ साधता येतो. त्वचेसाठी जी घाई योग्य, ती हाडासाठी घातक. परांची लवकर गेली तर कोवळी ऊती कोसळते. ती फार काळ राहिली तर नव्या ऊतीला जागा मिळत नाही, आणि हाडाच्या बाबतीत आणखी एक हानी होते: भार परांचीच उचलत राहिल्याने हाडाला बळकट होण्याचे कारणच उरत नाही. शिवाय जाड परांची विरघळताना आत आम्ल साचते आणि भोवतालच्या पेशींना त्रास होतो. म्हणून काही ठिकाणी बहुवारिकात हाडासारखे खनिज किंवा जैवक्रियाशील काच मिसळतात. ती आम्लाचा जोर कमी करते. हा मिलाफ साधण्यासाठी रसायनतज्ज्ञ, मृत्तिकातज्ज्ञ, पशुवैद्य आणि शल्यचिकित्सक यांना एका मेजाभोवती बसावे लागते.

या शास्त्राने माणसांना आशा दिली तशीच फसगतही दाखवली. १९९७ साली पाठीवर मानवी कान वाढलेल्या उंदराचे छायाचित्र जगभर झळकले. तो कान ऐकू शकणारा नव्हता. विरघळणाऱ्या परांचीवर वाढवलेली ती कानाच्या आकाराची कूर्चा होती. २००६ साली अँथनी अटाला यांनी सात तरुण रुग्णांच्या मूत्राशयांची दुरुस्ती त्यांच्याच पेशींनी केल्याचे प्रसिद्ध केले. पुढील चाचण्यांत मात्र तसे यश आले नाही. सर्वांत दुःखद प्रकरण स्टॉकहोमचे. २०११ साली पाओलो मॅकियारिनी या शल्यचिकित्सकाने रुग्णाच्या पेशी पेरलेली प्लॅस्टिकची श्वासनलिका बसवली आणि वृत्तपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. प्राण्यांवर पुरेशा चाचण्या झालेल्या नव्हत्या. स्वीडनमध्ये अशी शस्त्रक्रिया झालेले तिन्ही रुग्ण पुढे मरण पावले. सत्य उघडकीस आणणाऱ्या सहकारी डॉक्टरांना आधी रोषच पत्करावा लागला. २०२३ साली तेथील अपील न्यायालयाने त्या शल्यचिकित्सकाला अडीच वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. विज्ञान शिकणाऱ्या मुलांना सूत्रे शिकवताना हेही शिकवले पाहिजे की, निष्कर्ष जसा आला तसा लिहिणे ही प्रयोगवहीतील शिस्त कोणाचा तरी जीव वाचवते.

शाळेच्या हीरक महोत्सवात हा विषय निवडण्यास आणखी एक कारण आहे. परांची, इंग्रजीतील स्कॅफोल्ड, हा शब्द शिक्षणशास्त्रातही आहे. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला दिला आणि शिकवणारी व्यक्ती किती व केव्हा मदत करते याचे निरीक्षण केले. मूल अडले की हात पुढे करावा, त्याला जमू लागले की हात मागे घ्यावा. या मदतीला त्यांनी परांची हा शब्द योजला. बी.एड.च्या वर्गात हा सिद्धांत शिकवला जातो, आणि घरोघरी तो रोज कसोटीला लागतो.

ज्या घरात पहिल्यांदाच कोणी शाळेत जात आहे, त्या घरातील मुलाचा आधार आपण अनेकदा फार लवकर काढून घेतो. अभ्यासात मागे पडलेला मुलगा कामाला जातो आणि कोवळी भिंत कोसळते. दुसरीकडे, सुस्थित घरांत प्रकल्पवही आई लिहिते, चित्र बाबा काढतात, पहिलीपासून शिकवणी लागते, आणि दहावीच्या मुलाच्या वेळापत्रकात एक पोकळ तास राहत नाही. तेथे परांची इतकी भरीव झालेली असते की मुलाला वाढायला जागाच नसते. भार सतत दुसऱ्याने उचलला तर हाड बळकट होत नाही, हे प्राण्यांच्या शरीरात दिसलेले सत्य मुलाच्या मनालाही लागू आहे. पालकांचे प्रेम खरे आहे यात संशय नाही. प्रश्न प्रेमाच्या प्रमाणाचा आणि वेळेचा आहे, आणि प्रत्येक मुलासाठी त्याचे उत्तर निराळे आहे, जसे ते त्वचेसाठी आणि हाडासाठी निराळे आहे.

साठ वर्षांत या शाळेतून गेलेली मुले आज आपापल्या पायांवर उभी आहेत. त्यांतील अनेकांना कोणत्या बाईंनी भागाकार शिकवला, कोणत्या सरांनी व्याकरण घोटून घेतले, हे आठवतही नसेल. शिक्षकांनी त्याचे वाईट वाटून घेऊ नये. त्यांचे काम त्या मुलांत मुरून गेले आहे. आज समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या जादवपूरच्या त्या रस्त्यावर, खरगपूरला किंवा पुण्याच्या प्रयोगशाळेत मिठाचे कण चाळत बसेल, आणि एखाद्या भाजलेल्या मुलीला तिची स्वतःची त्वचा परत मिळेल. त्या कामाला लागणारी चिकाटी आणि खरेपणा त्याला येथून मिळो, आणि दह्याचे, घावनाच्या जाळीचे, टसराच्या कोशाचे शास्त्र त्याने मराठीत ऐकले होते हे त्याच्या उपयोगी पडो, ही शुभेच्छा.